राक्षसाचे माप



या व्याख्यानमालेत आजवर मी मागच्या रांगेतला श्रोता होतो. यंदा चालकांनी बोलावले ते कामगार कायद्यांवर बोलण्यासाठी. मी त्यांना म्हटले, कायद्यांवर मी बारा महिने बोलतो आणि ऐकणारे बारा महिने जांभया देतात. वसंत ऋतूत तरी त्यांना सुटी असू द्या. माझ्या डोक्यात पस्तीस वर्षांहून अधिक काळ एक प्रश्न ठाण मांडून बसला आहे, त्यावर बोलू द्या. प्रश्न राक्षसाच्या पायांचा आहे. चालक हसले, पण नाही म्हणाले नाहीत. माझे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. त्यापुढचे जे काही झाले ते येथल्या नगर वाचनालयाच्या कपाटांनी केले. तेव्हा बोलता बोलता एखादा दुवा निसटला, तर श्रोत्यांनी तो पदरात घ्यावा.

१९८८ सालची गोष्ट. रामानंद सागरांचे 'रामायण' त्या वेळी दर रविवारी सकाळी दूरदर्शनवर लागे. आमच्या आळीत संच एक आणि त्याच्यापुढे माणसे साठसत्तर. मी तेव्हा अठरा वर्षांचा होतो आणि काजूच्या कारखान्यात पोती उचलीत असे. त्या रविवारी कुंभकर्णाला जागे करण्याचा प्रसंग होता. वाद्ये वाजली, आरडाओरडा झाला, तो उठून बसला आणि शेवटी चालू लागला. बायकांनी पोरांना पोटाशी धरले. माझ्या शेजारी एक म्हातारा तांडेल बसला होता. जन्मभर त्याने होड्या हाकल्या होत्या, दोनतीन आपल्या देखरेखीखाली बांधूनही घेतल्या होत्या. तो माझ्या कानाशी लागून म्हणाला, "अरे, होडी दुप्पट करायची तर तळाचं लाकूड दुप्पट करून भागत नाय. ह्याचे पाय बघ, आपल्यासारकेच! हा उभा कसा ऱ्हातो?"

मी हसलो. तो हसला नाही. त्याला खरोखरच उत्तर हवे होते.

ते उत्तर मला पुढे मिळाले आणि मी ते ओघात सांगेनच. पण त्या दिवसापासून मला एक खोड लागली. पडद्यावर जे कोणी माणसाहून निराळे म्हणून येते, मग तो राक्षस असो, वानर असो, भूत असो की परदेशी गोष्टींतले बुटके असोत, त्याच्या चेहऱ्याकडे न पाहता मी आधी त्याच्या अंगाचे माप पाहतो. डोके केवढे, हात कोठवर पोचतात, कंबर कोठे येते. हे माप आपोआप आलेले नसते. कोणीतरी बसून ठरविलेले असते. आणि ते ठरविताना त्या जातीला किती मान द्यावयाचा, हेही नकळत ठरून जाते.

आता मोठेपणा आणि ठेवण या दोन निराळ्या वस्तू आहेत, हे प्रथम पाहू. चित्रकलेचे मास्तर शिकवितात की प्रौढ माणसाची उंची त्याच्या स्वतःच्या डोक्याच्या सात ते साडेसात पट असते. वर्षाच्या मुलाची सुमारे चौपट. एखाद्या माणसाचे चित्र मोकळ्या आभाळापुढे घेऊन ते भिंतीएवढे केले तरी तो माणूस सात डोक्यांचाच राहतो, आणि आपला डोळा त्याला पाचसाडेपाच फुटांचाच समजतो. पडद्यावर नटीचा चेहरा वीस फुटी होतो. म्हणून तिला कोणी राक्षसीण म्हणत नाही. तेव्हा दिग्दर्शकापुढे मार्ग दोनच. एक, त्या प्राण्याशेजारी आपल्या ओळखीची वस्तू ठेवावयाची, म्हणजे घर, झाड किंवा माणूस. दुसरा, त्याच्या अंगाची ठेवणच बदलावयाची. डोके लहान केले की तो ताड वाटतो, डोके मोठे केले की मूल किंवा बुटका वाटतो.

मौज अशी की, ही अडचण वाल्मीकींनाही ठाऊक होती. लंकेत शिरताना हनुमान मांजराएवढा होतो. अशोकवनात सीतेला तो म्हणतो, माझ्या पाठीवर बैस, तुला घेऊन जातो. सीता विचारते, एवढासा तू मला नेणार कसा? तेव्हा तो वाढून तिला आपले खरे रूप दाखवितो. म्हणजे शेजारी सीता नसती तर हनुमान लहान की मोठा, हे सांगावयास काही साधनच नव्हते. सुरसेच्या तोंडात शिरतानाही हाच खेळ आहे: ती योजनायोजनाने वाढते, तोही वाढतो, आणि अखेरीस अंगठ्याएवढा होऊन आत जाऊन बाहेर येतो. काव्यात हे एका ओळीत होते. चित्रपटवाल्याचे मात्र एवढ्यावरच महिने जातात.

आपल्या जुन्या मूर्तिकारांनी या ठेवणीचा हिशेब फार बारकाईने मांडलेला आहे. त्याला तालमान म्हणतात. येथे एक गफलत टाळली पाहिजे. चित्रकलेचे मास्तर हनुवटीपासून टाळूपर्यंतचे पुरे डोके मोजतात. मूर्तिकाराचा ताल म्हणजे चेहरा, हनुवटीपासून केसांच्या रेषेपर्यंत. एका तालाची अंगुळे बारा. नऊ ताल म्हणजे १०८ अंगुळे, दहा ताल म्हणजे १२०. गणपती बहुधा पाच तालांचा, म्हणून त्याचे मस्तक एवढे मोठे आणि पाय एवढे आखूड, आणि म्हणूनच तो आपल्याला घरच्या मुलासारखा वाटतो. वामन सात तालांचा, असे मत्स्यपुराण सांगते.

आणि बळी? विरोचनाचा पुत्र बळी, असुरांचा राजा? त्याला किती ताल द्यावेत, असे तुम्हाला वाटते? सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या बृहत्संहितेत त्याचे माप दिलेले आहे: १२० अंगुळे. तेच माप दशरथपुत्र रामाचे. मत्स्यपुराणही दोघांना दहा तालच देते. हे प्रथम वाचले तेव्हा मी वाचनालयात पुस्तक मिटून काही वेळ तसाच बसून राहिलो. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी'त बळीराजाला आपला म्हटले, आणि आमच्या घरी दिवाळीत आई इडापीडा जाण्याचे आणि बळीचे राज्य येण्याचे मागणे मागत असे, हे मला माहीत होते. पण पाथरवटाच्या मोजपट्टीवर असुर आणि अवतार एकाच खुणेवर उभे आहेत, हे कोणी मला सांगितलेले नव्हते. मूर्तिकाराला बळी खलनायक दाखवावयाचा असता, तर दोन ताल कापावयास त्याला किती वेळ लागला असता?

मूर्तिकारांची बाजू मी सगळीच उजळ करीत नाही. जुन्या देवळांत खांबाच्या माथ्यावर छताचा भार उचलून धरणारी बुटकी, पोट सुटलेली, गाल फुगलेली माणसे असतात. त्यांना कीचक म्हणतात. मोठे डोके, आखूड पाय, आणि वर सारी शिळा. देवळात गेलो की लोक गाभाऱ्याकडे पाहतात आणि माझी मान वर जाते. भार उचलणारा आखूडच का घडविला, याचे एक उत्तर सुताराचे आहे: खांबाच्या माथ्याशी जागा कमी असते. दुसरे उत्तर तुम्हीच शोधा.

देवळाच्या आतून अंगणात येऊ. शिमग्यात आपल्याकडे नमन-खेळे येतात, त्यांत संकासूर असतो. काळा पायघोळ झगा, डोक्यावर उंच निमुळती टोपी, पांढरी दाढी, कमरेला घुंगरू. लहानपणी मी त्याला पाहून पडवीत पळत असे. आज विचार करता वाटते, ज्याने हा वेष पहिल्यांदा बांधला तो मोठा जाणता असला पाहिजे. टोपीने हातभर उंची वाढते. झग्याने कंबर आणि गुडघे झाकले जातात, त्यामुळे डोळ्याला डोकी मोजताच येत नाहीत. घुंगरांनी वजन येते. आत आपल्याच वाडीतला कोणी असतो, हे पोरांनाही ठाऊक असते. तरी ती पळतात. रंगमंचावर प्रेक्षक निम्मे काम स्वतः करतो. दशावतारातला राक्षस पाय आपटीत आला की तो केवढा, हे आपण ठरवितो.

चित्रपटाने ही सवलत काढून घेतली. कॅमेरा विश्वासाने पाहत नाही. समोर असेल तेवढेच टिपतो. दादासाहेब फाळके हे मूळचे छायाचित्रकार, शिवाय जादूचे प्रयोग शिकलेले, म्हणून या अडचणीची त्यांना भीती वाटली नाही. १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये गणपत शिंदे हनुमान झाले होते, आणि अण्णा साळुंके राम आणि सीता दोन्ही. एकाच देहातून नायक आणि नायिका! त्या काळी लहानमोठे दाखविण्याची जगभर चालणारी युक्ती अशी: काळ्या पडद्यापुढे नटाला जवळून टिपायचे, फिल्म मागे गुंडाळायची, आणि त्याच फिल्मवर दुसरा देखावा लांबून टिपायचा. दोन्ही एकत्र धुऊन निघाले की एक मोठा, दुसरे लहान. मोजमाप चुकले तर मात्र पाय जमिनीपासून वीतभर वर तरंगतात.

कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी दुसरी वाट धरली. १९२० च्या 'सैरंध्री'त त्यांनी युक्तीपेक्षा तालमीवर भिस्त ठेवली. बाळासाहेब यादवांसारखा पहिलवान गडी भीम झाला. त्यातील कीचकवधाचे दृश्य इतके हुबेहूब उतरले की सरकारने ते कापावयास लावले. तेव्हापासून आपल्या पौराणिक चित्रपटांत अचाट शक्तीचे काम पहिलवानाकडे जाऊ लागले, ते दारासिंगांपर्यंत; १९७६ च्या 'बजरंगबली'त ते हनुमान होते आणि सागरांच्या 'रामायणा'तही. चोप्रांच्या 'महाभारता'तले भीम, प्रवीणकुमार, हे आशियाई खेळांत थाळीफेकीचे सुवर्णपदक मिळविलेले खेळाडू. पहिलवानाची एक गंमत आहे. त्याची ठेवण माणसाचीच, फक्त भरलेली. म्हणून पहिलवान देव झाला की शोभतो आणि राक्षस झाला की आपण त्याच्या पोटाकडे पाहतो. पोट, मिशा आणि गडगडाटी हसू, एवढ्या भांडवलावर किती राक्षसांनी पन्नास वर्षे संसार केला! त्यातल्या त्यात १९५७ च्या तेलुगू 'मायाबझार'मधला घटोत्कच मला आवडतो. एस. व्ही. रंगारावांनी केलेला तो घटोत्कच लग्नाची पंगत एकटा फस्त करतो, अंगाने वाढत जातो, आणि पाहणाऱ्याला त्याचा रागही येत नाही, भीतीही वाटत नाही. आपल्याकडच्या वत्सलाहरणाचीच ती कथा.

आता तांडेलाचे उत्तर. ते गॅलिलिओने १६३८ साली एका ग्रंथात लिहून ठेवलेले आहे. समजा, कुंभकर्ण माणसाच्या दसपट उंच आहे आणि ठेवण माणसाचीच आहे. मग तो दसपट उंच, दसपट रुंद आणि दसपट जाड. म्हणजे वजन हजारपट. पण वजन पेलते ते हाडाच्या आडव्या छेदावर, आणि छेद वाढतो लांबी-रुंदीने, म्हणजे शंभरपट. शंभराच्या पगारात हजाराचा संसार! प्रत्येक इंच हाडावर माणसाच्या दसपट भार येणार. जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९२६ च्या एका निबंधात गोष्टीतल्या अशाच राक्षसांचा हिशेब मांडून दाखविले की पाऊल टाकताच त्यांची मांडी मोडेल. हे हाल्डेन पुढे १९५७ मध्ये भारतात येऊन राहिले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले. तात्पर्य, कुंभकर्ण उभा राहावयाचा असेल तर त्याचे पाय हत्तीसारखे हवेत, गुडघे जाड हवेत, आणि त्या मानाने डोके लहान. म्हाताऱ्याने हे होडीच्या तळावरून ओळखले होते. त्याला गॅलिलिओ सांगावा म्हणून मी नंतर त्याच्या घरी गेलो, तो वर्षापूर्वीच वारला होता.

याच हिशेबातून दुसरी गोष्ट निघते आणि ती चित्रपटवाले मात्र नेमकी पाळतात. मिरकरवाडा बंदरात उभे राहून पाहा. लहान होडी लाटेवर भराभर हलते. मोठी लाँच सावकाश डुलते. मोठ्या अंगाची हालचाल संथ असते. दसपट उंचीवरून वस्तू पडावयास दसपट वेळ लागत नाही, तीनपटीहून थोडा अधिक लागतो, तसेच पावलाचे. म्हणून राक्षस टिपताना कॅमेरा जलद चालवितात, म्हणजे पडद्यावर तो संथ दिसतो. लहान खेळण्याएवढे जहाज बुडवितानाही हेच करतात. पाय चुकले तरी चाल बरोबर असली की डोळा माफ करतो. कुंभकर्ण धावत सुटला असता, तर आमच्या आळीतली पोरेसुद्धा हसली असती.

संगणक आल्यापासून हे सारे सोपे झाले, आणि माझ्या मते बिघडलेही. आपल्या टिळकांवर २०१५ साली 'लोकमान्य' हा मराठी चित्रपट काढणारे ओम राऊत यांनी २०२३ मध्ये 'आदिपुरुष' काढला. त्यात रावण संगणकाने इतरांहून थोराड केलेला आहे आणि त्याची दहा डोकी दोन मजल्यांत रचलेली आहेत, पाच खाली नि पाच वर. नमनातल्या रावणाचा दहा तोंडांचा सांगाडा पाहिलेल्या माणसाला हे पाहून चुकल्याचुकल्यासारखे होते. पण मला खटकले ते वानर. त्यांतील कित्येकांना सरसकट माकडाची ठेवण दिली आहे: हात लांब, पाय आखूड, मान खांद्यांत गेलेली. २०२२ मध्ये त्याची झलक दाखविली तेव्हाच गदारोळ झाला आणि चित्रपट पुढे ढकलला गेला. तो गदारोळ बहुतेक वेशभूषेचा नि दाढीमिशांचा होता. हाताच्या लांबीबद्दल फारसे कोणी बोलले नाही.

वाल्मीकींचा हनुमान पहिल्या भेटीतच असे शुद्ध बोलतो की राम लक्ष्मणाला त्याची वाणी ऐक म्हणून सांगतो. जैनांच्या रामकथेत, विमलसूरीच्या 'पउमचरिया'त, वानर ही माकडे नव्हतच. ध्वजावर वानराचे चिन्ह असलेले ते विद्याधरांचे एक कुळ आहे, आणि राक्षस हेही तसेच कुळ. दारासिंगांच्या तोंडाला थोडासा मुखवटा आणि मागे शेपूट होती, बाकी माणूस पुरता होता. त्याच्याशी रामाची मैत्री पटत असे. हात गुडघ्याखाली नेऊन ठेवला की तो मित्र राहत नाही, पाळीव होतो. एवढा फरक वीतभर हाताने पडतो.

उलट, जाणूनबुजून मोडलेली ठेवण किती कामाला येते, याचे उदाहरण आपल्याच जिल्ह्याच्या नावाने आहे. खेड तालुक्यात जगबुडीच्या काठी तुंबाड गाव आहे, श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'मुळे ते नाव महाराष्ट्रभर झाले. २०१८ मध्ये राही अनिल बर्वे यांचा 'तुंबाड' चित्रपट आला. तो पेंडशांच्या कादंबरीवर नाही, नाव तेवढे घेतलेले. कथेची प्रेरणा नारायण धारपांच्या 'आजी' या गोष्टीची. त्यात वाड्यात साखळीने बांधून ठेवलेली एक आजी आहे. माणूस राहिलेली नाही, भूतही झालेली नाही, अशी. ते काम मोहम्मद समद या मुलाने केले आहे; पुढे नायकाचा मुलगा पांडुरंग होतो तोच हा. आजीचे काम लहान मुलाला! वरचे कातडे जुनाट, सुरकुतलेले. आतले हाड कोवळे, खांदे अरुंद, सांधे मुलाचे. म्हाताऱ्या नटीला हा वेष दिला असता तर एक आजारी बाई दिसली असती. येथे डोळ्याला काहीतरी जुळत नाही एवढेच कळते, काय ते सांगता येत नाही, आणि अंगावर काटा येतो. राक्षस मोठाच हवा असे कोणी सांगितले?

परदेशातले एक प्रकरण सांगितल्यावाचून विषय पुरा होणार नाही, कारण मापाचे एवढे खटाटोप दुसऱ्या कोणी केलेले माझ्या पाहण्यात नाहीत. इंग्लंडचे टोल्किन यांची 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' ही कादंबरी १९५४-५५ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत हॉबिट नावाची दोन ते चार फुटांची माणसे आहेत, दाढीवाले खुजे लोहार-पाथरवट आहेत, आणि उंच सडपातळ एल्फ आहेत. पीटर जॅक्सन यांनी २००१ ते २००३ मध्ये त्यावर तीन चित्रपट काढले. हॉबिटांची कामे साधारण उंचीच्या नटांनीच केली. मग ती लहान दिसली कशी? गाडीवर म्हातारा जादूगार आणि हॉबिट शेजारी बसलेले दिसतात. प्रत्यक्षात हॉबिट बराच मागे बसलेला असतो आणि बैठक अशी कापलेली की ती एकच वाटावी. कॅमेऱ्याला डोळा एकच, त्याला जवळचे-लांबचे कळत नाही. हॉबिटाचे घर दोन मापांत बांधले: एक मोठे, त्यात हॉबिट फिरे, एक लहान, त्यात जादूगाराचे डोके छताला आपटे. खुज्या गिम्लीचे काम मात्र जॉन ऱ्हिस-डेव्हिस या चांगल्या सहा फुटी नटाने केले. हॉबिट झालेले नट त्याच्याहून बेताच्या उंचीचे होते, म्हणून गिम्ली आणि हॉबिट यांना एकत्र उभे करून टिपले तरी त्यांचे आपापसांतले प्रमाण बरोबर येई, आणि एक युक्ती वाचे. दिग्दर्शकाचे हे गणित मला फार आवडले.

पुढे २०१२ पासून त्याच लेखकाच्या 'हॉबिट'वर चित्रपट निघाले तेव्हा ते दोन डोळ्यांच्या कॅमेऱ्याने टिपले गेले, आणि दोन डोळ्यांना लांबचे-जवळचे कळते. जुनी फसवणूक बंद पडली. तेव्हा जादूगाराला एका हिरव्या खोलीत एकट्याला बसविले आणि तेरा खुज्यांना दुसरीकडे. इयान मॅकेलन हा अनेक नाटके पचवलेला नट. भोवती माणसांऐवजी खांबांवर लावलेली चित्रे पाहून त्याला तेथे रडू कोसळले. नटालाही सोबती लागतो, हे आम्हा युनियनवाल्यांना नवे नाही.

आता मी ज्यासाठी हे पुराण लावले त्या गोष्टीकडे येतो. लांबच्या दृश्यांत, पाठमोऱ्या दृश्यांत, मारामारीत त्या हॉबिटांच्या आणि खुज्यांच्या जागी दुसरी माणसे होती. नायकाच्या जागी किरण शहा होते; नैरोबीत जन्मलेले, भारतीय कुटुंबातले, सव्वाचार फुटांच्या आत उंचीचे आणि पडण्या-झडण्याच्या कामात मुरलेले. गिम्लीच्या जागी ब्रेट बीटी. त्या नऊ सोबत्यांच्या नटांनी काम संपल्यावर अंगावर एकच गोंदण करून घेतले. ऱ्हिस-डेव्हिस गेला नाही. त्याने बीटीला पाठविले. या गोंदणाची हकीकत मी जिथे जातो तिथे सांगतो. पडद्यावर नाव एकाचे, पण सोबत कोणी केली हे त्याला माहीत होते.

सगळीकडे असे होत नाही. १९३९ च्या 'विझर्ड ऑफ ऑझ'मध्ये शंभरावर बुटक्या माणसांनी कामे केली. नामावळीत त्यांचे एकेकट्याचे नाव नाही, साऱ्या मंडळीला मिळून कंपूचे एक नाव. २०१२ मध्ये हिमगौरीच्या गोष्टीवरच्या एका चित्रपटात बुटक्यांची कामे सरळ सामान्य उंचीच्या नटांना देऊन संगणकाने त्यांना आखूड केले, तेव्हा अमेरिकेतल्या बुटक्या माणसांच्या संघटनेने जाब विचारला: जी कामे आम्हाला मिळतात तेवढीही तुम्ही घेणार काय? आपल्याकडे १९८९ मध्ये कमल हासन गुडघे दुमडून बुटका झाला आणि २०१८ मध्ये शाहरुख खान. टाळ्या दोघांनाही पडल्या. आपल्या २०१६ च्या कायद्याने बुटकेपणा अपंगत्वाच्या यादीत घेतला आहे, हे ठीकच झाले. पण यादीत नाव आले म्हणजे हजेरीपटावर येते असे नाही.

त्याचा अनुभव मला येथेच आला. काही वर्षांपूर्वी आमच्या किनाऱ्यावर एका पौराणिक मालिकेची मंडळी आली. सेतू बांधण्याचा देखावा होता. मासेमारी बंद होती, तेव्हा खलाशांतले चाळीसपन्नास जण रोजावर गेले. मुकादमाने सकाळी त्यांना रांगेत उभे करून मापे घेतली. उंच ते राक्षस, बेताचे ते वानर. राक्षसाला रोज जास्त, वानराला कमी. कारण विचारले तर म्हणाला, राक्षसाला उंची लागते, वानर काय कोणीही होतो. आमचा एक सभासद जाळी विणतो, त्याची उंची चार फूट. त्याला कुठल्याशा दृश्यासाठी भुताचे काम दिले आणि रोज निम्मा. अर्धा माणूस, अर्धा रोज, असे मुकादम हसत म्हणाला. तो सभासदही आधी हसला, मग मला फोन केला.

मी पोचलो तो वानर सकाळपासून गुडघ्यांत वाकून चालत होते. उभा माणूस वानर दिसत नाही. पाय आखूड आणि हात लांब दिसावेत म्हणून त्यांना सारा वेळ ओणवे राहण्यास सांगितले होते. मे महिन्याची वाळू, अंगावर केसाळ कापड, मागे तारेची शेपूट. राक्षस मात्र गदा घेऊन छत्रीखाली उभे. मी मुकादमाला म्हटले, तुम्ही उंचीचे पैसे देता, आम्ही गुडघ्यांचे मागतो. आता या दोघांत काम कोणाचे जड, ते तुम्हीच दिवसभर वाकून पाहा. त्याने मला ओळखले नाही, हे माझे भाग्य. मग वानर वाळूत बसले. थोड्या वेळाने राक्षसही गदा ठेवून त्यांच्याजवळ येऊन बसले, ते मात्र मी सांगितलेले नव्हते. ऊन कलू लागले तशी दिग्दर्शकाची घालमेल सुरू झाली, कारण त्याला समुद्रावरचा नेमका तोच उजेड हवा होता.

साडेचारच्या सुमारास वानरांचा रोज राक्षसांच्या बरोबरीने झाला आणि भुताचाही पुरा झाला. संध्याकाळी मुकादमाने शेपट्या मात्र एकेक मोजून परत घेतल्या.